रबर कुठे बांधायचं ते आधी ठरवा

गणपती तोंडावर आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. यंदा बरीचशी पत्रं एकाच गोष्टीची आहेत: लांब केसांची खालची कड घरच्या घरी, स्वतःच्या हाताने, नीट आकारात कशी कापायची. कोंडा, मेंदी आणि अकाली पिकलेले केस आता पुढच्या अंकात. मालवणात पार्लर चालवणाऱ्या बाईने ही विद्या फुकट वाटणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणं, हे कळतं मला. पण कमरेखाली केस असलेल्या बायका पार्लरात मुळात येतातच कधीमधी, आणि त्याही जीव मुठीत धरून. त्यांनी घरी कापले तर माझी काही तक्रार नाही. दुधाच्या पिशव्या फोडायच्या कात्रीने कापले तर आहे.

प्रश्न : ताई, माझे केस कमरेच्या खाली जातात. मे महिन्यात एका पार्लरमध्ये "फक्त दोन बोटं" असं सांगून बसले, उठले तेव्हा चांगले वीतभर गेलेले होते. आता तिथे जायची इच्छा नाही. घरीच यू आकार देता येईल का? आरशात पाठ दिसत नाही आणि हातही मागे पोचत नाही.
— एक वाचक, गुहागर

देता येईल. पाठ दिसायची गरजच नाही, कारण कापायचं आहे ते पुढे, छातीवर.

आधी दोन बोटांचं. बोटं आडवी धरली तर दीड इंच होतं, उभी धरली तर तीन. कापणारीने सोयीची बाजू धरली असणार. यापुढे कुठेही गेलात तरी इंचात सांगा, आणि कात्री लागण्याआधी केस हातात धरून "इथे" म्हणून दाखवा.

आता आकार. लोकांना वाटतं, यू किंवा व्ही हे कात्री तिरकी फिरवून येतं. तसं नाही. कात्री आडवी सरळच चालते. आकार येतो तो केस कुठे गोळा करून बांधले यावरून. जो केस कात्रीपर्यंत लांबून फिरून येतो, तो सोडल्यावर खाली लांब लोंबतो. हे एवढं एक डोक्यात बसलं की बाकी सगळं हाताचं काम आहे. पटत नसेल तर कात्रीशिवाय करून बघा. मानेच्या मधोमधची एक बट आणि कानामागची एक बट, दोन्ही एकाच खांद्यावरून पुढे घ्या. छातीशी एकाच ठिकाणी चिमटीत धरा आणि तिथे दोन्हींना रंगीत दोरा बांधा. मग दोन्ही पाठीवर सोडून कुणाला तरी बघायला सांगा. मानेवरच्या बटेचा दोरा कानामागच्या बटेपेक्षा दोन-तीन इंच खाली दिसेल. दोऱ्याच्या जागी कात्री चालली असती तर मधले केस खाली आणि कडेचे वर राहिले असते. हाच तुमचा यू.

म्हणून दोन पोनी पुढे घेऊन कापल्या की यू येतो. त्या कानांच्या खाली, जरा मागेच बांधल्या तर यू उथळ येतो, गळ्याच्या हाडांवर आणून बांधल्या तर खोल. सगळे केस पुढे ओढून हनुवटीखाली एकच पोनी केली तर व्ही. आणि मानेवर मागे एकच पोनी बांधून कापली तर कड जवळजवळ सरळ. आकार हवा तसा, रबराची जागा तशी.

आदल्या दिवशी केस धुवा आणि पूर्ण सुकू द्या. तेल नको. तेलकट केस गठ्ठ्याने चिकटतात, मग कात्री एकेका केसाला न कापता गठ्ठ्याला चावते. तेलाशी माझं वैर नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही दिसलं. सूर्यफुलाचं आणि खनिज तेल त्यात मागे पडलं. पण ते धुण्याच्या आदल्या रात्री लावा, कापण्याच्या सकाळी नको.

पडवीत सकाळच्या उजेडात बसा, खाली जुना पेपर, पंखा बंद. समुद्रावरचा वारा घरात भरत असेल तर त्या बाजूची खिडकी लावून घ्या. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकं, मग मध्य, मग मूळ असा गुंता काढत वर जा. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग पाडा. मागे दिसत नाही तिथे मणक्याचं वर आलेलं हाड बोटाने चाचपा, भांग तिथे उतरला पाहिजे. दोन्हीकडे साधारण सारखे केस आले की ते पुढे घ्या आणि कापडी रबर बांधा. चहाच्या पुडीचं रबर केस ओढून तोडतं.

पहिलं रबर दोन्हीकडे एकाच उंचीवर हवं. त्याखाली चार-पाच बोटांवर दुसरं, मग तिसरं, आणि प्रत्येक रबर बांधण्याआधी तेवढा भाग पुन्हा विंचरायचा. शेवटचं रबर हळूहळू खाली सरकवत जिथे कापायचं त्याच्या अर्धा इंच वर आणा. आता शिलाईची टेप घ्या. गळ्याच्या खळग्यापासून शेवटच्या रबरापर्यंत एका बाजूला जेवढं भरतं, तेवढंच दुसऱ्या बाजूला भरलं पाहिजे. नजरेवर जाऊ नका, बायकांची नजर भाताच्या मापात पक्की असली तरी इथे फसते. मान सरळ, हनुवटी वर-खाली नाही. कापताना खाली वाकून बघायचा मोह होतो. समोर आरसा ठेवा आणि आरशातच बघा.

रबराखाली दोन बोटांत केस चपटे धरा. जाड पोनी एका दमात कापायला गेलं की केस पात्यांतून पुढे सरकतात आणि कड तिरकी होते. म्हणून कात्रीच्या टोकाने, थोडे थोडे. ठरवलेल्यापैकी निम्मंच आधी कापा. रबरं काढा, विंचरा, दोन्ही बाजूंची टोकं गळ्यापुढे एकत्र आणून जुळवून बघा. ठीक वाटलं तर पुन्हा बांधून उरलेलं. शेवटी कात्री उभी धरून टोकांत अगदी पाव इंच खोल बारीक चिरा द्या, म्हणजे कड ठोकळ्यासारखी दिसत नाही.

कात्रीबद्दल मी कडक आहे. केसांची साडेपाच किंवा सहा इंची कात्री काही शे रुपयांत मिळते, ती घ्या आणि तिने दुसरं काही कापू नका, दोरासुद्धा नाही. बोथट पातं केस कापत नाही, चिरडतं. आणि चिरडलेल्या टोकाला महिनाभरात पुन्हा फाटे. धार तपासायची तर ओला टिश्यू पेपर कापून बघा. स्वच्छ कापला गेला तर कात्री चांगली, ओढला गेला तर धारवाल्याकडे द्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती गंजते लवकर, म्हणून वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा.

प्रश्न : यू चांगला की व्ही? माझे केस लांब आहेत पण विरळ. वेणी घालते.
— वेंगुर्ले

विरळ केसांना व्ही नको. टोकाला आधीच केस कमी असतात. सगळ्या केसांचं वय सारखं नसतं, काही गळून नव्याने आलेले असतात आणि ते अजून खालपर्यंत पोचलेले नसतात. त्यात व्ही कापला की वेणीचा शेवट उंदराच्या शेपटीसारखा होतो. तुम्ही उथळ यू ठेवा किंवा थेट सरळ कड. एक-दोन इंच लांबी जाईल, पण वेणी शेवटपर्यंत भरलेली दिसेल. लांबीचा सोस सोडा असं मी कुणाला सहसा म्हणत नाही, तुम्हाला म्हणते आहे.

दाट केसांच्या बायकांनी हौसेने व्ही करावा, सोडलेल्या केसांवर तो शोभतो. रोज अंबाडाच घालणारीने मात्र आकाराच्या भानगडीत पडूच नये. आसोली-आरवलीकडच्या सुरंगीच्या फुलांचा वळेसार, म्हणजे गजरा, अंबाड्यावर चढला की खालची कड कशी आहे हे विचारतो कोण?

प्रश्न : माझे केस कुरळे, पाठीच्या मध्यापर्यंत. न्हाल्यावर ओले असतानाच मैत्रिणीने सरळ कापून दिले. सुकल्यावर एक बट वर, एक खाली. तिची चूक की माझी?
— एक कॉलेजकन्या, रत्नागिरी

पाण्याची. ओला केस ओढला तर जवळजवळ 30 टक्क्यांपर्यंत ताणला जातो. सुकल्यावर तो परत आखडतो, आणि कुरळ्या डोक्यावर प्रत्येक बट वेगवेगळी आखडते. कुठली ढिली, कुठली घट्ट. ओल्यात सरळ दिसणारी रेघ ही सरळ नसतेच.

कुरळे केस कोरडे कापायचे, आपल्या नेहमीच्या वळणात असताना. वर दिलेली दोन पोनीची रीत तुम्हाला जमेल, पण रबरं खाली सरकवताना केस ओढून ताठ करू नका. वळण राहू द्या. त्यानंतर सगळे मोकळे सोडा आणि जी बट कडेबाहेर लोंबते तेवढीच, एकेक करून कापा. तुमच्यासारख्यांचं काम सरळ केसवाल्यांपेक्षा हळू होतं, पण चुकलेलं लपतंही सहज.

आणखी एक. हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेतलं पाणी केसात शिरतं, आतले कमकुवत बंध सुटून नव्याने जुळतात, आणि केस फुगतो किंवा वळण बदलतो. जुलैत कापलेली कड डिसेंबरात वेगळी दिसेल. आता घाई असेल तर फाटे तेवढे काढा. बट पिळून धरली की फाटलेली टोकं बाहेर उभी राहतात, ती फाट्याच्या अर्धा इंच वरून छाटायची. आकार दिवाळीनंतर.

प्रश्न : कापल्याने केस भरभर वाढतात ना? आमची सासू म्हणते, अमावास्येक कापू नको आणि तिन्हीसांजेक तर कात्री हातातच घेव नको.
— कुडाळ

वाढत नाहीत. केस मुळातून वाढतो आणि मूळ टाळूच्या आत असतं. खाली टोकाला काय झालं याची त्याला खबर नसते. वाढ महिन्याला साधारण अर्धा इंच, वर्षाला सहा. एक केस दोन ते सात वर्षं वाढतो, मग गळतो, म्हणून काहींचे केस खांद्याखाली पुढे जातच नाहीत आणि काहींचे गुडघ्याला टेकतात. हे आईबापांकडून आलेलं असतं, कात्रीकडून नाही. जास्वंदीकडूनही नाही, जरी जास्वंदीच्या पाल्याने केस धुवायला मलाही आवडतं.

मग कापायचे कशाला? कारण फाटा वर चढतो. टोकाला फाटलेला केस तसाच ठेवला की चीर वर सरकते आणि केस मध्येच तुटतो. मग मूळ वाढवत राहतं आणि टोक तुटत राहतं, आणि तुम्ही म्हणता वाढतच नाहीत. हिशेब असा मांडा: तीन महिन्यांत दीड इंच वाढतो, त्यातला अर्धा इंच कापला तर एक इंच पदरात. लांबी वाढवायची असेल तर एवढंच कापा, पण नेमाने कापा.

अमावास्येचं मला माहीत नाही, पंचांगवाल्यांना विचारा. तिन्हीसांजेचं मात्र सासूबाईंचं ऐका. रॉकेलच्या दिव्यात कोण कड बघणार होतं, आणि कापलेला केस जेवणात गेला तर? आजही ट्यूबलाइटखाली काळ्या केसांवर सावली पडते, म्हणून मी सकाळच सांगते. कापलेले केस तेवढे गटारात टाकू नका, तुंबतं. आमच्याकडे काही शेतकरी केशकर्तनालयातले केस मागून नेतात आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून बांधावर पसरतात. तुमचे मूठभर माडाच्या आळ्यात गाडा. केसात नत्र भरपूर असतं, फक्त कुजायला फार वेळ लागतो.

प्रश्न : मी स्वतःच कापले, उजवी बाजू वर गेली. भांग डावीकडे पाडते. घरात पंधरा दिवसांनी लग्न आहे. काय करू?
— हर्णै

आधी कात्री कपाटात ठेवा. एक बाजू वर म्हणून दुसरी कापायची, मग ती वर म्हणून पहिली, असं करत लग्नापर्यंत केस खांद्यावर येतील.

खरंच वर गेली आहे का ते बघा. तुम्ही लिहिलं आहे की भांग डावीकडे पाडता. तसा भांग पाडणाऱ्यांचे बरेच केस डोक्यावरून उजवीकडे ओलांडून जातात आणि त्या ओलांडण्यात लांबी खर्च होते. मधोमध भांग पाडून कापलं आणि डावीकडे भांग पाडून पाहिलं तर उजवी बाजू वर दिसणारच. मधला भांग पाडून, सरळ उभं राहून, खांद्यावर पिशवी नसताना दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. मासळीच्या लिलावाला टोपली नेणाऱ्या काही बायकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असू शकतो, पुढे घेतलेली पोनी त्यावर वेगळी बसते, त्याचाही हिशेब धरा.

तरीही फरक असेलच, तर टेपने मोजा. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक सोडून द्या, हलणाऱ्या केसांत तो कुणालाच दिसत नाही. जास्त असेल तर फक्त लांब बाजू पुन्हा बांधून तेवढीच उतरवा, आणि पोनी या वेळी पहिल्यापेक्षा जरा पुढे घ्या. यू थोडा खोल होतो आणि खोल यूमध्ये दोन्ही बाजूंची तुलना करायला डोळ्याला सरळ रेघ सापडत नाही. आणि लग्नात केस मोकळे सोडणार आहात का? खोपा घालून वर अबोलीची वेणी माळणार असाल तर हे सगळं लग्नानंतर निवांत करा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी गवंडीकाम करतो. बायकोचा उजवा हात मोडला आहे, प्लास्टर आहे. तिचे केस मांडीपर्यंत. खालून फाटलेत. ती म्हणते पार्लर नको, तुम्हीच सरळ कापून द्या. पुरुषमाणसाने विचारावं की नाही माहीत नाही, पण विचारतो. उभं करून कापू की बसवून? सरळ कसं ठेवू?
— देवगड

विचारलंत हे उत्तम केलंत, आणि वहिनींनी माणूस बरोबर निवडला आहे. सरळ कड हे तुमचंच काम.

त्यांना उभं करा. बसवलं तर एवढे लांब केस जमिनीवर किंवा स्टुलावर टेकतात आणि टेकलेला केस मोजता येत नाही. घरात उभं करा, खळ्यात नाही. खळ्याला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तुम्हीच दिला असेल. दोन्ही पाय जुळवून, हनुवटी सरळ, समोर भिंतीवर एका खिळ्याकडे बघायला सांगा. हात गळ्यात बांधलेला असला की माणूस त्या बाजूला जरा झुकतो, म्हणून कोपराखाली उशी देऊन टेबलाचा आधार द्या आणि दोन्ही खांदे एका उंचीवर आले की मगच कात्री घ्या.

तुम्ही मात्र बसा. पाटावर किंवा बादली उपडी घालून, डोळे केसांच्या टोकांच्या रेषेत येतील असे. वरून बघून कापलं की कड तुमच्या बाजूला उतरते. कोरडे, विंचरलेले केस पाठीवर सोडा. मानेवर एक रबर, मग वीतभर अंतराने खाली, शेवटचं कापायच्या जागेच्या पाच-सहा इंच वर, सैलसर. त्याखालचे केस चपटे पसरा. आधी मधोमध एक पेरभर रुंदीचं कापा. ते तुमचं माप. त्या मापाला धरून डावीकडे, मग उजवीकडे. तुम्ही भिंतीचे कोपरे आधी लावून मग मधले थर भरता, इथे उलटं.

केस पाठीपासून उचलून धरू नका. उचलले की वरचा थर आणि खालचा थर वेगळ्या लांबीवर कापला जातो. कंगवा आडवा, पाठीला टेकवून, आणि कंगव्याखाली कात्री. रेघ आडवी आहे का हे बघायला कंगव्यावर छोटी पाणसळ ठेवा, मी थट्टा करत नाही. केस कापायच्या क्लिपा मिळतात त्यांतल्या काहींत पाणसळच बसवलेली असते. मध्य शोधायला ओळंबा मानेच्या हाडापासून सोडा.

पहिल्यांदा एक इंचच काढा. फाटे उरले तर दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा अर्धा. ओळंबा आणि पाणसळ तेवढी आधी साबणाने धुऊन घ्या, सिमेंट लागलेलं असेल तर एवढ्या लांब केसांतून ते काढत तुम्हीच बसाल.